दोन फुटी टँकमध्ये सिक्लिड : कुठले ठेवावेत?

पाचवा मजला :
लोकहो, जरा मदत हवीये. वाकडला टूबीएचके आहे, हॉलमध्ये दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच एवढ्या टँकला घरून परवानगी मिळालीये (याहून मोठा आणलास तर तूही त्यातच झोप, असं उत्तर आलं). गप्पी, मॉली करून झालेत. आता जरा डोकं असलेला मासा हवाय, म्हणजे जो आपल्याकडे बघतो, आपली जागा पकडून बसतो, पिल्लं सांभाळतो वगैरे. व्हिडिओ बघून बघून गाडी सिक्लिड नावाच्या माशांच्या कुळावर येऊन थांबलीये. दुकानात गेलो तर तो म्हणाला असॉर्टेड आफ्रिकन घेऊन जा, दीड-दीड इंचाची निळी, पिवळी, पट्टेवाली दहा पिल्लं. ऑस्करचं पिल्लूही दाखवलं आणि फ्लॉवरहॉर्न लकी असतो हेही सांगून झालं. मुलाला ऑस्कर हवाय. बायकोला काहीही चालेल, पण आवाज नको आणि वास नको. तर दोन फुटात खरंच कुठले सिक्लिड सुखाने राहतील आणि किती? माशांसाठी दोन-अडीच हजारांपर्यंत बजेट आहे. पाणी कुठलं विचाराल तर नळाचं.

पाणकावळा :
'नळाचं' :) थांबा, त्यावर येऊच.

चिंबोरी :
ऑस्कर वर्ष-दीड वर्षात दहा-बारा इंचाचा होतो आणि तुमच्या टँकची रुंदी बारा इंच. त्याला वळायचं असेल तर रिव्हर्स घ्यावा लागेल. मुलाला फोटो दाखवा आणि विषय मिटवा.

कुर्ला पश्चिम :
असॉर्टेड आफ्रिकन तर अजिबात नको. ती पिल्लं बहुतेक करून मलावी तळ्यातल्या मबुना गटातली असतात. तिथे खडकावरचं शेवाळ खरवडून खायचं आणि आपला खडक दुसऱ्याला द्यायचा नाही, एवढाच त्यांचा धर्म. त्या पुडक्यात ऑराटस हमखास निघतो, पिवळ्यावर काळे पट्टे असलेला, दिसायला फार गोड. आणि केन्यी. केन्यीची मादी निळी असते आणि नर मोठा झाला की पिवळा पडतो, त्यामुळे दुकानात सगळी निळी दिसतात, घरी आल्यावर काही महिन्यांनी त्यातलं एक पिवळं पडायला लागतं आणि मग बाकीच्यांची खैर नसते. चार फुटी टँकवाले मुद्दाम गर्दी करून ठेवतात, म्हणजे मार एकावर न पडता सगळ्यांत वाटला जातो, पण त्याला फिल्टर दणकट लागतो आणि पाणी बदलून बदलून कंबर जाते.

तुमचा टँक जेमतेम ७० लिटरचा, त्यात वाळू, दगड आणि वर दोन इंच मोकळं सोडलं की हातात ५५ राहतात. यात मबुना ठेवले तर शेवटी एकच उरतो. त्यांच्यातला त्यातल्या त्यात सौम्य म्हणजे इलेक्ट्रिक येलो, पण तोही चार इंचाचा होतो, तीन फुटाच्या खाली नको.

भाग्योदय :
इथे फ्लॉवरहॉर्नला शिव्या पडणार माहितीये तरी लिहितो. माझा हाताने पेलेट खातो, मी ऑफिसातून आलो की काचेपाशी येतो, पाहुण्यांवर धावून जातो. डोकं असलेला मासा म्हणाल तर हाच, शब्दशः डोकं आहे, कपाळावर हे मोठं टेंगूळ. साडेतीन फुटात एकटा ठेवलाय. वास्तू वगैरे मी मानत नाही, प्रमोशन झालं ते वेगळं.

पाणकावळा :
साडेतीन फुटात एकटा. तेच तर सांगतोय सगळे त्यांना. बाकी प्रमोशनची मिसळ कधी?

चिंबोरी :
फ्लॉवरहॉर्न कुठल्याच नदीतला नाही, नव्वदच्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकन सिक्लिडांचा संकर करून काढलेला आहे. ब्लड पॅरट हाही संकरच, त्याच्याही आधीचा, तैवानचा, त्याला तर तोंडही धड मिटता येत नाही. कोणी काय पाळावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण मला पॅरट बघवत नाही.

भाग्योदय :
पॅरटबद्दल सहमत. फ्लॉवरहॉर्नबद्दल नाही. मिसळ पुढच्या महिन्यात.

रेवा ठाणे :
मूळ प्रश्नावर येते. दोन फुटासाठी बुटके सिक्लिड बघा, दक्षिण अमेरिकेतले. ब्लू रॅम दोन-सव्वादोन इंचाच्या वर जात नाही, व्हेनेझुएला-कोलंबियाकडच्या ओरिनोको नदीच्या गवताळ मैदानांतला आहे, रंग असा की समुद्रातला मासा वाटावा. दुसरा ॲपिस्टोग्रामा, त्यातला कॉकाटू प्रकार सगळ्यात चिवट. नर तीन इंच, मादी दोन, आणि मादी अंड्यांवर बसली की हळदीसारखी पिवळी होते आणि आपल्याहून दीडपट नराला कोपऱ्यात उभं करते. बघत बसावं नुसतं. दोन फुटात एकच जोडी, वर पोहायला सात-आठ छोटे रास्बोरा, बस. तळाला बारीक वाळू हवी कारण हे दोघेही वाळू तोंडात घेऊन कल्ल्यातून चाळतात, ते रंगीत खडे घातलेत तर त्यांचा अर्धा उद्योगच बंद पडतो.

एक सूचना. हे पेलेट खातात पण खुलतात ते फ्रोझन ब्लडवर्मवर, म्हणजे गोठवलेल्या लाल अळ्यांवर. ती लाल वडी फ्रीझरमध्ये कुठे ठेवायची हे घरात आधी ठरवून घ्या. आमच्याकडे ती आईस्क्रीमच्या डब्यात ठेवली होती आणि सासूबाईंना उपासाच्या दिवशी आईस्क्रीम हवं होतं.

निवांत :
पुढे काय झालं???

रेवा ठाणे :
आता वेगळा फ्रीझर आहे :)

पाणकावळा :
रेवा, ॲपिस्टो ठीक, पण पहिलाच सिक्लिड म्हणून रॅम सुचवायला माझा विरोध. दुकानात तो २५ डिग्रीच्या पाण्यात कसाबसा उभा असतो, त्याला हवं २८ ते ३०. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत हॉलमधलं पाणी २० च्या खाली जाऊ शकतं. शिवाय नव्या टँकमध्ये अमोनिया आणि नायट्राइट खाणारे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, तेवढा धीर कोणाला नसतो, तिसऱ्या दिवशी मासे आणतात आणि पहिला जातो तो रॅम. ज्यांना त्याचं रूप हवंय त्यांनी बोलिव्हियन रॅम बघावा. रंग फिका आहे, तीन इंचाचा होतो, पण सोसतो बरंच.

रेवा ठाणे :
हीटर लावला की झालं ना. ७० लिटरला १०० वॉटचा पुरतो. आणि आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पाणी ३१ ला जातं तेव्हा बाकीचे मासे वर येऊन धापा टाकतात, रॅम मात्र मजेत असतो. मुंबई-ठाण्यात रॅम सोपा आहे, पुण्यात थोडा खर्चिक, एवढंच म्हणा.

पाणकावळा :
हे मान्य. फक्त पाणी बदलताना हीटरचं बटण आधी बंद करा, उघडा पडलेला गरम हीटर गार पाण्यात गेला की काच तडकते.

खाजण :
सगळे आफ्रिका आणि अमेरिकेत हिंडताय, आपल्याकडचे सिक्लिड कोणी बघणार की नाही? भारतात तीन आहेत. केरळवाले ज्याला करिमीन म्हणतात आणि २०१० पासून ज्याला राज्यमासा करून ठेवलंय, तो आमच्या गोव्यात काळुंदर, रवा लावून तळला की काटे काढायचे कष्ट विसरायला होतात. तो मोठा होतो, तो पानातच बरा. दुसरा कर्नाटकातल्या नद्यांतला कॅनरा पर्लस्पॉट, दुकानात क्वचित दिसतो. पण तिसरा ऑरेंज क्रोमाइड, तीन इंची, केशरी-पिवळा, मचूळ पाण्यातला आणि गोड्यातही राहणारा. गंमत म्हणजे हा लहानगा काळुंदराच्या अंगावरचे परजीवी टिपून खातो, अंग साफ करून देतो, आणि संधी मिळाली तर त्याचीच अंडीही खातो. पिल्लं आईबापाच्या अंगावरचा चिकट थर खाऊन वाढतात. पाच-सहा एकत्र ठेवले तर खुलतो, अडीच-तीन फूट असेल तर उत्तम. फक्त त्याला मऊ, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी असलेलं पाणी मानवत नाही.

निवांत :
आणि चिलापी? उजनीतली चिलापी पण सिक्लिडच ना? भिगवणला आम्ही दरवेळी खातो.

खाजण :
हो, तिलापिया. पण ती बाहेरून आणलेली, १९५२ साली आफ्रिकेतली जात भारतात आणली. म्हणून मी तीन म्हटलं.

चिंबोरी :
आणि आता धरणाधरणांत पसरलीये. नर तळाला खड्डा करतो, मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, पिल्लं जगण्याचं प्रमाण दांडगं, मग गावठी माशांना जागा कुठून राहणार. म्हणूनच म्हणते, कंटाळा आला म्हणून कुठलाही मासा पवनेत किंवा तलावात सोडू नका. लोक सकर (तो काच चाटणारा मासा) सोडतात, फ्लॉवरहॉर्न सोडतात आणि वर पुण्य केल्यासारखा फोटो टाकतात.

निवांत :
चिलापी फ्राय खाणं म्हणजे पर्यावरणाची सेवा, हे आज कळलं. शनिवारी निघतो.

शंखपुष्पी :
मी टँगानिकावाली. दोन फुटात सगळ्यात जास्त नाटक बघायचं असेल तर शेल-ड्वेलर. मल्टिफॅसियाटस, लाडाने मल्टी. पूर्ण वाढलेला नर दोन इंचाचाही नसतो, सिक्लिडांतल्या सगळ्यात लहान जातींपैकी एक. आफ्रिकेतल्या टँगानिका तळ्याच्या तळाला गोगलगायींच्या रिकाम्या शंखांचे थर आहेत, त्यात हे राहतात, प्रत्येकाचा आपला शंख. वाळू तोंडाने उपसून शंख पुरतात, शेजाऱ्याच्या दारात ढीग टाकतात, शेजारी तो परत इकडे टाकतो, आमच्या सोसायटीच्या पार्किंगसारखं. सहा आणले की काही महिन्यांनी तीन पिढ्या एकत्र नांदताना दिसतात, मोठी पिल्लं धाकट्यांना हाकलत नाहीत. आणि त्यांना पाण्यातली वनस्पती, वरचे मासे, काही लागत नाही. तीन इंच वाळू आणि शंख. आवाज नाही, वास नाही.

अडचणी दोन. दुकानात सहसा मिळत नाहीत, ब्रीडरांच्या ग्रुपवर मागावे लागतात, आणि पाणी जड हवं, पीएच आठच्या आसपास.

पाचवा मजला :
वाह, मल्टी बघितले आत्ता, मुलगा ऑस्कर विसरला! शंख कुठले आणायचे? समुद्रावरचे चालतील?

शंखपुष्पी :
समुद्रातले लांबोडके, आत निमुळते होत जाणारे नको, मासा अडकतो. भातखाचरात ज्या गोल गोगलगायी असतात त्यांचे रिकामे शंख उत्तम, पावसाळा संपल्यावर बांधावर पडलेले असतात. उकळून, घासून, दोन दिवस पाण्यात ठेवून मग टाका. माशांच्या दुप्पट तरी शंख हवेत, नाहीतर भांडणं.

पाणकावळा :
आता माझी पाळी. पाचवा मजला, 'नळाचं पाणी' म्हणजे नेमकं कुठलं? कारण वरच्या सगळ्या सल्ल्यांचं अर्धं उत्तर तुमच्या नळात आहे. महापालिकेचं धरणाचं पाणी मऊ असतं, त्यात ॲपिस्टो, रॅम. बोअर किंवा टँकरचं जड, त्यात मल्टी, क्रोमाइड. उलटं करायला गेलात तर आयुष्यभर पाण्यात काहीतरी घालत बसाल. एक टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारा) घ्या, दोन-तीनशे रुपयांत मिळतो, आणि घरातले सगळे नळ मोजा.

कुर्ला पश्चिम :
थोडा असहमत. दुकानात येणारे बरेचसे सिक्लिड फार्मवर पिढ्यानपिढ्या वाढवलेले असतात, क्रिबेन्सिस, एंजल वगैरे कुठल्याही पाण्यात जगतात. (हो, एंजल पण सिक्लिड. सव्वा फुटात त्याचे पंख मावत नाहीत म्हणून मी काढला नाही विषय.) आकडे मारत बसण्यापेक्षा दर आठवड्याला पाव टँक पाणी बदला, ते जास्त कामाचं.

पाणकावळा :
जगतात, हो. पण ॲपिस्टोची अंडी जड पाण्यात बऱ्याचदा फुटत नाहीत, बुरशी येते, आणि यांना पिल्लं सांभाळणारा मासा हवाय.

पाचवा मजला :
मोजलं! बाथरूमच्या नळाला ६४०, किचनच्या नळाला ९५. म्हणजे बाथरूममधून पाणी घेतलं की मल्टी फिक्स ना? लांब पाइप पण तिथूनच सोयीचा पडतो.

टीडीएसराव :
घाई करू नका. तुमच्या सोसायटीत सॉफ्टनर प्लँट आहे का? खाली पंपरूममध्ये मोठी निळी टाकी आणि मिठाच्या गोण्या दिसतात का बघा.

पाचवा मजला :
हो, गोण्या आहेत. वॉचमन म्हणाला बोअर आणि टँकरचं पाणी त्यातून वर जातं. किचनला मात्र पालिकेची वेगळी लाइन आहे.

टीडीएसराव :
तेच वाटलं. तो प्लँट पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्याबदली सोडियम देतो. गिझर आणि नळांवर पांढरे थर बसू नयेत म्हणून ते ठीक आहे, पण मीटरला कॅल्शियम काय आणि सोडियम काय, दोन्ही सारखेच, म्हणून आकडा ६४० च दिसतो. मल्टीला जे हवं तेच त्यातून गेलेलं आहे. पीएच चढा, खारटपणा आहे, कॅल्शियम नाही. हे ना टँगानिका ना ॲमेझॉन. खात्री करायची तर जीएच-केएचची (एकूण जडपणा आणि कार्बोनेटचा जडपणा) ड्रॉपवाली टेस्ट करा, टीडीएस मीटरने जडपणा कळत नाही. आणि बाथरूमचं पाणी टँकमध्ये घालूच नका, उन्हाळ्यात टँकर वाढले की आठवड्याआठवड्याला बदलेल.

पाणकावळा :
टीडीएसराव, शब्द नाहीत. हा सॉफ्टनरचा मुद्दा कोणी बोलत नाही.

शंखपुष्पी :
बागेच्या नळाला प्लँटच्या आधीचं पाणी असतं बऱ्याच ठिकाणी. किंवा किचनचं पाणी घेऊन फिल्टरमध्ये कोरलचा चुरा भरायचा, पीएच, केएच वर जातं. मी तसंच करते. मल्टी सोडू नका हो!

पाचवा मजला :
बागेच्या नळावरून पाचव्या मजल्यावर बादल्या? माळीकाका आणि कमिटी दोघंही मला सोसायटीबाहेर काढतील. किचनचं पाणीच घ्यायचं ठरवतो, काही न मिसळता. मग ॲपिस्टो की तो क्रिबेन्सिस जो कुर्लावाल्यांनी जाता जाता म्हटला?

कुर्ला पश्चिम :
क्रिब घ्या. पश्चिम आफ्रिकेतला, नायजेरिया-कॅमेरूनकडचा, पण तळ्यातला नाही, नदी-ओढ्यातला, त्यामुळे मऊ पाणी चालतं, थोडं जड झालं तरी कुरकुरत नाही. २४ ते २६ डिग्री पुरे, म्हणजे हीटर फक्त थंडीत. दुकानात सहज मिळतो आणि तुमच्या बजेटमध्ये जोडी घेऊन वर अर्धे पैसे उरतात. नर चार इंचाला जातो, मादी तीन. नर लांबट, पाठीवरचा पर मागे टोकदार. मादी गोलसर आणि पोट जांभळट-लाल, चेरीसारखं. यांच्यात नटणारी मादी असते, नर साधा, त्यामुळे दुकानदार 'भारी रंगाचे' म्हणून दोन माद्या देतो आणि आपण वर्षभर अंड्यांची वाट बघतो. शक्य असेल तर पाच-सहा लहान घ्या, दोघं आपापली जोडी जमवतात, मग बाकीचे दुकानात परत द्या. ते आधी बोलून ठेवा.

रेवा ठाणे :
क्रिबला माझंही मत. गुहा म्हणून नारळाची करवंटी, कडेला दीड इंचाचं भोक पाडून पालथी घाला. आधी उकळून घ्या नाहीतर पाणी चहासारखं होतं, अर्थात त्यांना ते आवडतंच. सोसायटीत बदामाचं झाड असेल तर खाली पडलेली वाळकी पानं धुऊन एक-दोन टाका.

टीडीएसराव :
क्रिबची एक मजेशीर गोष्ट, पाणी आम्लधर्मी असेल तर पिल्लांत नर जास्त निघतात, पीएच वर गेला की माद्या वाढतात. सातच्या आसपास ठेवा म्हणजे जावई-सुना दोन्ही होतील.

चिंबोरी :
पिल्लं झाल्यावर मात्र तळाला दुसरा मासा नको. कोरी, सकर काही नाही. जोडी दोन फुटाचा सातबारा आपल्या नावावर करून घेते. वर झेब्रा डॅनिओ ठेवा, ते चपळ आहेत, हाती लागत नाहीत.

पाचवा मजला :
ठरलं मग. क्रिबची जोडी, करवंटी, सहा डॅनिओ, किचनचं पाणी. आज फिल्टर चालू केलाय, जिवाणू तयार होईपर्यंत मासे नाहीत. मुलगा रिकाम्या टँकसमोर बसून आहे. शेवटचा प्रश्न, गणपतीला आठवडाभर गावी असतो, तेव्हा खाणं? शेजारच्या काकूंकडे किल्ली असते.

कुर्ला पश्चिम :
काही देऊ नका. मोठे मासे आठवडा सहज काढतात. काकूंना डबा दिलात तर त्या प्रेमाने मूठभर टाकणार, ते कुजून अमोनिया होणार. पिल्लं असतील तरच एका दिवसाची एक अशा कागदाच्या पुड्या बांधून ठेवा आणि डबा कपाटात कुलुपात.

निवांत :
आणि काकूंना मोदक.

टीडीएसराव :
लाइट गेली तर? बॅटरीवर चालणारा एअरपंप घेऊन ठेवा, पाचशेच्या आत येतो. फिल्टर तीन-चार तास बंद राहिला तर आतले जिवाणू मरायला लागतात. इन्व्हर्टर असेल तर फिल्टर त्यावर घ्या, हीटर घेऊ नका, बॅटरी झोपेल.

पाचवा मजला :
इन्व्हर्टर आहे पण त्यावर हॉलचा पंखा आणि वायफाय आहे. वायफाय काढायचं म्हटलं तर मासेच परत करावे लागतील. पंप घेतो.